फिक्सीला फ्रीव्हील, दीड हजारांच्या आत-बाहेर

धाकटा भाऊ पुण्यात शिकत असताना त्याने हौसेने एक फिक्सी सायकल घेतली होती. नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हा ती सोलापूरच्या घरी येऊन पडली. काळी फ्रेम, नारिंगी रंगाच्या उंच रिम, आखूड सरळ हॅण्डल. ब्रेक एकही नाही. पुढचा ब्रेक कंपनीने दिलेला होता, तो भावाने ‘लूक बिघडतो’ म्हणून काढून टाकला आणि तो कुठे गेला हे आता त्यालाही आठवत नाही.

फिक्सी म्हणजे काय, तर मागचा दातेरी चक्का चाकाच्या हबला घट्ट बसलेला. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. आपल्या साध्या सायकलीत मागे फ्रीव्हील असतं, म्हणून पाय थांबवले की मागून टिकटिक आवाज येतो आणि सायकल आपली घरंगळत राहते, तसं इथे होत नाही. उतारावरही पाय फिरतेच. वेग कमी करायचा तर पायांनी उलटा जोर लावायचा. ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकली अशाच असतात आणि त्यांना ब्रेक लावायला परवानगीच नसते. बालेवाडीच्या वेलोड्रोमवर सगळे एकाच दिशेने जातात, कुणी मध्येच थांबत नाही, त्यामुळे तिथे ब्रेक नसणंच सुरक्षित. आसरा चौकात मात्र सगळे एकाच दिशेने जात नाहीत, हे सोलापूरकरांना मी सांगायला नको.

माझं रोजचं जाणं-येणं जुळे सोलापूर ते पार्क चौक. अंतर फार नाही, रस्ता बऱ्यापैकी सपाट, सायकलला अगदी योग्य. पण फिक्सीवर या रस्त्याचा प्रत्येक गतिरोधक वेगळा प्रश्न विचारतो. साध्या सायकलीवर गतिरोधक आला की दोन्ही पॅडल आडवी धरून, सीटवरून जरा उठून आपण पार होतो. इथे पाय थांबवताच येत नाहीत, त्यामुळे गुडघे आपले खालीवर आणि सायकलही खालीवर. वळणावर झुकलो तर आतल्या बाजूचं पॅडल रस्त्याला टेकायची भीती. रेल्वेच्या पुलावरून उतरताना तर सायकल आपल्याला पळवते, आपण तिला नाही. भाऊ म्हणायचा, ‘ताई, सवय होते.’ होत असेल. माझ्या गुडघ्यांना ती करून घ्यायची नव्हती.

एका चकचकीत दुकानात चौकशी केली तर त्यांनी मागचं अख्खं चाक, हब, नवे ब्रेक, नवी चेन असं सगळं धरून पाच हजारांच्या पुढचा आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत साधी नवी सायकल येते. माझं बजेट दीड हजार. आणि घरी आल्यावर सायकल नीट बघितली तेव्हा लक्षात आलं की चाक बदलायची गरजच नाही.

मागच्या हबला दोन्ही बाजूंना आटे होते. उजव्या बाजूला 16 दातांचा फिक्स चक्का आणि त्याच्यावर त्याला आवळून धरणारी लॉकरिंग. डाव्या बाजूला काहीच लावलेलं नव्हतं, पण तिथल्या काळ्या ग्रीसमध्ये आणि धुळीत आटे लपलेले होते. रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेलात जुना टूथब्रश बुडवून घासलं, तेव्हा चांगले चमकते आटे बाहेर आले. असल्या हबची चाकं उलटसुलट बसवता येतात. एका बाजूला फिक्स, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. चाक काढायचं, फिरवायचं, परत लावायचं. दोन्ही बाजू सारख्या अंतराच्या असल्यामुळे रिम मध्येच राहते.

दोन्ही बाजूंचे आटे ओळखता येणं महत्त्वाचं. फिक्सच्या बाजूला दोन पायऱ्या असतात. मोठ्या व्यासाच्या पायरीवर चक्का नेहमीसारखा उजवीकडे फिरवून बसतो. तिच्या पुढची पायरी जरा लहान, आणि तिच्यावरचे आटे उलटे, म्हणजे लॉकरिंग डावीकडे फिरवून आवळायची. कारण सरळ आहे. पायांनी उलटा जोर दिला की चक्का सुटायला बघतो, आणि तो सुटू लागला की लॉकरिंग आणखी आवळली जाते. फ्रीव्हीलच्या बाजूला एकच पायरी, कारण फ्रीव्हीलवर उलटा जोर येतच नाही. पॅडल मारू तसं ते आपोआप आवळत जातं. म्हणून फिक्स चक्का कधीही या एका पायरीच्या बाजूला, लॉकरिंगशिवाय लावायचा नाही. ऐन वेळी सुटतो. उलट प्रकार, म्हणजे फिक्सच्या बाजूला फ्रीव्हील, काही जण करतात. पण तिथे आट्यांची लांबी कमी असल्याने पकड कमी. डावीकडे रीतसर जागा असताना तो उद्योग कशाला?

आता खरा मुद्दा. फ्रीव्हील लावणं हे या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सोपं काम आहे. पण ते ज्या क्षणी लागतं त्या क्षणी सायकलचा मागचा ब्रेक जातो. फिक्सीला पाय हाच ब्रेक होता. फ्रीव्हील लावल्यावर पाय उलटे फिरवले तर नुसते हवेत फिरतात. म्हणजे बजेट फ्रीव्हीलचं नव्हे, ब्रेकचं करायचं. दोन्ही ब्रेक आधी, फ्रीव्हील नंतर. ‘पुढचा एक लावून बघ, मागचा पगार झाल्यावर’ असा सल्ला मला फोनवरून मिळाला होता. मी तो ऐकून घेतला आणि सोडून दिला.

कन्ना चौकाच्या पलीकडे, यंत्रमागांचा खटखटाट ज्या गल्लीत दिवसभर चालू असतो तिथे एक जुनं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, बाहेर पाण्याची लोखंडी घमेली, भिंतीला टांगलेल्या ट्यूबा. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. मागावर जाणाऱ्या कामगारांच्या सायकली हे त्यांचं मुख्य गिऱ्हाईक. फिक्सी बघून त्यांनी आधी हॅण्डलकडे, मग माझ्याकडे बघितलं.

‘ह्याला ब्रेक कुठाय ओ ताई?’

‘पायानं थांबवायची असते ही, अण्णा.’

‘मग महिन्याला चपला किती लागत्यात?’

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चाक हातात घेतलं, डावीकडच्या आट्यांवर अंगठा फिरवला आणि आत हाक मारून जुन्या डब्यातून तीन-चार फ्रीव्हील मागवले. लुधियानात बनणारे, नेहमीच्या साध्या काळ्या सायकलीला लागतात तेच. आट्यांचा आकार तोच असतो, एका इंचाला 24 आटे. पण अण्णांनी मापाबिपाचं नाव काढलं नाही. आट्यांना ग्रीस लावलं, फ्रीव्हील दोन बोटांत धरून आधी जरा उलटं फिरवलं, ‘टक्’ असा आवाज आला तसं सुलटं फिरवायला घेतलं. ते बोटांच्याच जोराने दोन-तीन वेढे गेलं. ‘बोटानं गेलं तर ते त्याचं. पान्यानं घालावं लागलं तर नाही घालायचं.’ ही परीक्षा मला फार आवडली. हब ॲल्युमिनियमचा, फ्रीव्हील पोलादाचं. तिरकं बसलं तर हबचे आटे कापले जातात आणि मग खरोखर नवं चाक लागतं. ग्रीसही त्याच कारणासाठी. चालवून चालवून फ्रीव्हील इतकं आवळतं की कोरडं बसवलेलं पुढे काढायला छन्नी-हातोडा लागतो.

मी 18 दातांचं घेतलं. पुढे 46 आणि मागे 16 असताना पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण 6 मीटर जायची. 18 लावल्यावर साधारण 5.4. चौकाचौकात थांबून परत निघणाऱ्या माणसाला हेच बरं. विजापूर रोडला कंबर तलावाच्या बाजूने वारा समोरून आला की त्या दोन दातांची किंमत कळते. फ्रीव्हीलचे 220 रुपये. ते बोटाने फिरवून बघितलं तर जरा डुगडुगतं. अण्णा म्हणाले, सगळीच डुगडुगतात, आवाज बघा. आतले खटके दोन्ही नीट वाजले पाहिजेत. त्यात त्यांनी पातळ तेलाचे थेंब सोडले, ग्रीस नाही. ग्रीस भरलं तर खटके चिकटून बसतात आणि पॅडल मारताना पाय रिकामा जातो.

चेन मला नवी घ्यावी लागली नाही, कारण ती रुंद होती, अर्धा इंच बाय एक अष्टमांश, म्हणजे काळ्या सायकलीचीच. काही फिक्सींना गिअरच्या सायकलीसारखी अरुंद चेन असते, ती या फ्रीव्हीलच्या जाड दातांवर बसत नाही. तेव्हा घरूनच बघून निघायचं. दोन दात वाढल्यामुळे चाक सहा-सात मिलिमीटर पुढे सरकवावं लागलं. मागचा एक्सल ज्यात बसतो त्या फाळक्यात तेवढी फट होती. चेनला मधोमध बोटाने दाबून अर्धा इंच ढील ठेवली. पुढचा चक्का कधीच पूर्ण गोल नसतो, त्यामुळे पॅडल फिरवत जिथे चेन सगळ्यात ताणलेली लागते तिथे ही ढील बघायची, नाहीतर दुसऱ्या टोकाला चेन करकरते.

हे चालू असताना अण्णांनी मागच्या एक्सलमधून काय काढलं असेल? सूत. पांढरं, निळं, लाल, तेलाने काळपट झालेलं सूत एक्सल आणि हबच्या फटीत गुंडाळून बसलं होतं. गल्लीतून दोनदा सायकल नेली तरी असं होतं म्हणे. त्यांच्याकडे यासाठी एक वाकवलेली दाभणासारखी सुई आहे. ती आत घालून त्यांनी एक टोक पकडलं आणि ओढत राहिले, ओढत राहिले. पूर्व भागातल्या प्रत्येक सायकलीच्या चाकात चादरीचा एखादा कोपरा सापडेल.

उजवीकडचा फिक्स चक्का आता डावीकडे गेला. तो तिथेच राहू दिला. काढायला लॉकरिंगचा आकड्याचा पाना लागतो, आणि वजन तरी कितीसं आहे त्याचं.

आता ब्रेक. यातच वेळ गेला.

फ्रेमला पुढच्या चिमट्यात आणि मागच्या चाकावरच्या आडव्या पुलात भोकं होती, हे नशीब. काही फिक्सींना मागे भोकच नसतं, मग हा सगळा बेत जवळपास बाद. पण भोक असलं म्हणजे ब्रेक बसला असं नाही. भोकापासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजावं लागतं. माझ्याकडे ते पट्टीने 50 मिलिमीटरच्या आसपास आलं. अण्णांकडे लहान मुलांच्या सायकलीचा ब्रेक होता, त्याचे हात लांब असतात. तो लावला तर रिमला टेकणारा रबरी शू हाताच्या फटीत अगदी वरच्या टोकाला नेऊनही रिमच्या खालीच, स्पोकच्या दिशेने उतरत होता. असा ब्रेक ओढला की शू सरकून स्पोकमध्ये जायची भीती. शेवटी त्यांच्या साठ्यात आखूड हातांचा एक लोखंडी ब्रेक निघाला, तो मागे लावला. 180 रुपये.

पुढच्यासाठी मात्र मी कंजुषी केली नाही. ब्रेक लावल्यावर अंगाचं आणि सायकलचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं आणि लगेच घसरतं. म्हणजे सायकल खरी थांबवतो तो पुढचा ब्रेक. त्याच्यासाठी ॲल्युमिनियमचा, दोन खिळ्यांवर फिरणारा चांगला ब्रेक स्पोर्ट्स सायकलीच्या दुकानातून आणला, 650 रुपयांना. एकूण खर्चाचा हा सगळ्यात मोठा तुकडा, आणि परत करायची वेळ आली तरी इथेच मोठा ठेवीन.

आणखी एक भानगड भोकाच्या मागच्या बाजूला असते. नव्या फ्रेमला ब्रेकच्या बाजूने भोक लहान आणि त्याच्या मागून मोठं असतं, कारण त्यात ॲलन कीने आवळायचा लांबट नट आत शिरतो. पुढचा ब्रेक त्याच पद्धतीचा, तो बिनबोभाट बसला. मागच्या लोखंडी ब्रेकला साधा बोल्ट आणि साधा नट. मोठ्या भोकात नट आत बुडायला बघतो. अण्णांनी जाड वॉशर घेतला, पुलाच्या गोलाईला बसेल असा हातोडीने ऐरणीवर किंचित वाकवला आणि नट त्याच्यावर आवळला. दोनदा हलवून बघितलं. हललं नाही.

हॅण्डलवरचे ब्रेकचे लिव्हर मी स्कूटीसारखे लावून घेतले, उजव्या हाताला पुढचा, डाव्याला मागचा. घरात सगळे स्कूटी चालवतात. अडचणीच्या वेळी हाताला तीच सवय आठवते. जोडी 200 रुपयांना. मागच्या वायरीसाठी फ्रेमवर कड्या नव्हत्याच, म्हणून वायरीची बाहेरची नळी हॅण्डलपासून थेट मागच्या ब्रेकपर्यंत अखंड घेतली आणि वरच्या दांड्याला खालून इलेक्ट्रिशियन वापरतात त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधली. पट्ट्या फार आवळायच्या नाहीत, नळी दबली की आतली वायर अडकते. हॅण्डल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं, नळी ताणली जाता कामा नये. वायरी आणि नळी मिळून 150.

एवढं करून ब्रेक ओढला तर रंग निघाला. नारिंगी. रिमच्या बाजूंना ब्रेकसाठी घासून मोकळी ठेवलेली पट्टीच नव्हती, सगळीकडे रंग. ब्रेक न लावण्यासाठीच जणू बनवलेली रिम. रंगावर शू आधी घसरतात, कचकच आवाज करतात, आणि रंगाची भुकटी शूला चिकटून ते आणखी गुळगुळीत होतात. पॉलिश पेपर लावून मी रिमच्या दोन्ही कडांचा शू टेकतात तेवढाच पट्टा हळूहळू घासून काढला. टायरची बाजू कापली जाऊ नये म्हणून टायर काढूनच. दोन्ही चाकांना एक अख्खी दुपार गेली, तीही मे महिन्यातली. नंतर शूंवरची भुकटी त्याच कागदाने खरवडली. दिसायला आता रिम कडेला चांदीसारखी आणि मध्ये नारिंगी. भावाला फोटो पाठवला, त्याने रडका चेहरा पाठवला.

परत अण्णांकडे जाऊन रिमचा थोडा आउट काढून घेतला, कारण रिम डुगडुगत असेल तर शू जवळ आणता येत नाहीत. मजुरीचे सगळे मिळून त्यांनी 150 घेतले. ते मला कमी वाटले, पण जास्त द्यायला गेले तर म्हणाले, ‘राहू द्या की ओ, पंक्चरला याल.’

रस्त्यावर काढण्याआधी होम मैदानावर सकाळी लवकर चालवली. गड्ड्याची जत्रा नसली की तिथे भरपूर मोकळी जागा असते. आधी मुंगीच्या वेगाने, मग जरा जोरात, आधी मागचा ब्रेक, मग पुढचा, मग दोन्ही. हे सगळ्यांनी करावं, विशेषतः फिक्सीची सवय असलेल्यांनी. पाय थांबण्यासाठी आपोआप उलटा जोर देतात आणि काहीच होत नाही. ते हाताला शिकवायला मैदानच पाहिजे, सात रस्ता नाही. पॅडलच्या पट्ट्याही काढून टाकल्या. फिक्सीवर पाय निसटला तर पॅडल पोटरीला मारतं म्हणून त्या लागतात. आता त्या डबा कॅरिअरला बांधायला उपयोगी येतील, कॅरिअर लागेल तेव्हा.

पुलाच्या उतारावर पहिल्यांदा पाय थांबवले आणि मागून टिकटिक सुरू झाली तेव्हा मी हसले. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याने बघितलं. असो.

एक फायदा मी धरला नव्हता. फिक्सीची चेन पुसताना चाक फिरत राहिलं तर चेनही फिरतच राहते आणि बोट चेन आणि चक्क्यात गेलं तर ती थांबत नाही. ओढणीचंही तेच. फ्रीव्हीलमुळे चाक पुढे फिरत राहिलं तरी चेन थांबू शकते, हा जिवाला मोठा निवांतपणा. ओढणी मात्र मी तरीही गाठ मारूनच निघते.

एकूण हिशेब 1550 रुपये. पॉलिश पेपर आणि डिझेल घरातच होतं, ते धरलेलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत मागचे नट आणि ब्रेकची वायर परत आवळावी लागली; नवी वायर ताणली जाते आणि नळी बसते. 15 नंबरचा पाना पिशवीत ठेवते. घासलेल्या रिमवर शू आता चांगले धरतात, मागचा लोखंडी ब्रेक मात्र अजून कुरकुरतो. मागचे शू पुढच्यासारखे चांगले घालायचे ठरवलंय, आणि पावसाआधी मडगार्ड. त्यासाठी फ्रेमला भोकं नाहीत. अण्णा म्हणतात, पत्र्याचा क्लिप करून देतो, बुधवारी या.